बेळगावात कुठला जिन्नस कुठं घ्यावा: बुट्टीवाली, एपीएमसी, रविवार पेठ की सुपरमार्केट?

बेळगावात नवं बिऱ्हाड थाटलं की पहिल्याच महिन्यात तीन सल्ले हमखास मिळतात. शेजारचे काका घाऊक बाजाराकडं बोट दाखवतात, "एपीएमसीत जावा की, निम्म्या दरात मिळतंय." घरमालकीण सांगते, "गणपत गल्ली सोडून भाजी घेऊ नका." आणि ऑफिसातला कुणीतरी मोबाईलवर सुपरमार्केटची ऑफर दाखवतो. तिघंही खरंच बोलतात. फक्त काकांच्या डोक्यात कांदा असतो, घरमालकिणीच्या डोक्यात मेथी आणि ऑफिसवाल्याच्या डोक्यात तेलाचा डबा. एकच दुकान धरून बसलात तर तीनांतल्या दोन जिनसांना पैसे जास्त जाणार. जिन्नस कुठल्या महिन्यात घ्यायचा हे आधी ठरवायचं, दुकान मग आपोआप ठरतं.

पालेभाजीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात वाद नाही. सुपरमार्केटातली मेथी पाणी मारून, गारव्यात ठेवलेली असते; दिसायला टवटवीत, घरी आणून पसरली की तासाभरात माना टाकते. कंग्राळी, कडोली, येळ्ळूर, उचगाव या बाजूच्या गावांतल्या बायका माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊन शहरात येतात, रस्त्याकडेला बुट्टी (टोपली) मांडून बसतात, त्यांच्याकडचा माल आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे काढलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मेथी, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात यांचे दर वर्षातले सर्वांत खाली असतात, आणि त्या दिवसांत भाव करायचीही फारशी गरज पडत नाही.

"मावशी, मेथी कशी?"
"पंधराला पेंडी. दोन घे, पंचवीस दे."
"लहान आहेत की हो."
"सोडून बघ तरी. माती बांधून आणलो नाही मी."

सोडून बघायचंच. पेंडीला, म्हणजे जुडीला, वजन नसतं, त्यामुळं दर सारखा राहून पेंडी बारीक होते, ही खरी महागाई. पावसाळ्यात तर मुळांसकट मातीचा गोळा पेंडीत येतो आणि भाजी निघते मूठभर. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की कोथिंबीर कुजते आणि दर चढतो. श्रावणात मांसाहार बंद असल्यानं भाजीला मागणी वाढते ती वेगळीच. तेव्हा पालेभाजीच्या मागं न लागता काकडी, दोडका, भेंडी, पडवळ, भोपळा या वेलीच्या भाज्यांकडं वळावं.

संध्याकाळचा हिशेब वेगळा. गावाकडची बस गाठायची असते म्हणून अंधार पडायच्या सुमारास बुट्टीतलं उरलेलं माळवं बायका निम्म्या दरातही देऊन टाकतात. त्याच रात्री भाजी करणार असाल तर हा सर्वांत चांगला सौदा. फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवणार असाल तर सकाळचीच घ्या. आणि पाच रुपयांसाठी त्यांची बस चुकवू नका, एवढं मात्र माझं मत.

आता एपीएमसी. घाऊकला स्वस्त मिळतं हे खरं, पण घाऊक म्हणजे किती? भाजीचा दर तिथं 10 किलोला बोलला जातो, कोथिंबीर-मेथी शेकड्यावर जाते, कांदा-बटाटा क्विंटलवर. पहाटे गोव्याचे व्यापारी गाड्या भरत असतात, त्यांच्यापुढं दोन किलो टोमॅटो मागणाऱ्याला दलाल उभंही करत नाही. समजा टोमॅटो 10 किलोला 200 रुपये आहे आणि गल्लीत किलोला 30. वरवर पाहता किलोमागं 10 रुपये वाचले. रिक्षाला जाऊन-येऊन 100 घाला, दोन किलो पिचून गेले धरा. हातात आठ किलो टोमॅटो पडले आणि खर्च झाला 300. किलोला साडेसदतीस! चौघांच्या घरात नासणाऱ्या मालासाठी एपीएमसी परवडत नाही. अपार्टमेंटमधली तीन-चार घरं मिळून गेली, कुणाची तरी गाडी असली, तर गणित उलटं फिरतं. लग्न, बारसं, गणपतीचा महाप्रसाद असेल तर दुसरीकडं जाऊच नका.

टिकणाऱ्या मालाला मात्र एपीएमसीसारखी जागा नाही. कांदा-बटाट्याचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा वाळलेला, घट्ट मानेचा असतो. हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने जातो. तेव्हा एक पोतं दोन घरांत वाटून घ्यावं. सप्टेंबर-ऑक्टोबरला विजापूर भागातून नवा पावसाळी कांदा येतो, तो पोत्यानं घेऊ नये. मान ओली असते, आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब फुटतो किंवा वास मारायला लागतो. दर बघून हुरळून जाणारे इथंच फसतात.

बटाट्याचंही तसंच. तालुक्यातल्या लाल मातीतला जवारी (गावठी) बटाटा पावसाळा संपता संपता बाजारात येतो. साल इतकी पातळ की अंगठ्यानं घासली तरी निघते, चव गोडसर मातकट, आणि भाजी पटकन मऊ होते. पण अंगात पाणी जास्त, त्यामुळं आठ-दहा दिवसांपुरताच घ्यायचा. त्यानंतरच्या महिन्यांत जो मिळतो तो इंदूर किंवा आग्र्याचा. तो टिकतो, पण शीतगृहातून आलेला असेल तर गारव्यानं त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना काप काळपट पडतात. उन्हाळ्यात वेफर्स करणाऱ्यांनी आधी दोन बटाटे आणून, काप तळून पाहावेत, मग पोत्याचा विचार करावा.

रताळ्यात बेळगावसारखं नशीब कुणाचं नाही. उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी या पश्चिम भागातून आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातून रताळी इथल्या एपीएमसीत येतात आणि इथून पार दिल्लीपर्यंत जातात. एकदा काढणी जोरात सुरू झाली की दर घसरतात, पण नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या आधीचे तीन-चार दिवस त्याला अपवाद. उपासाची रताळी आठवडाभर आधी घेऊन ठेवली तर काही बिघडत नाही, उलट गोडी थोडी वाढतेच. घेताना तुटलेलं टोक बघा: पांढरा चीक वाळून चिकटलेला असेल तर काढणी ताजी. लाल माती अंगावर असलेलीच घ्या, धुऊन चकाकवलेली लवकर सडतात. सुपरमार्केटात नेमकी धुतलेलीच मांडलेली असतात, आणि तीही बुट्टीवालीपेक्षा चढ्या दरानं.

धान्याकडं येऊ. इथं रविवार पेठेतली सुट्या धान्याची दुकानं आणि सुपरमार्केट यांची खरी झुंज आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद तांदूळ, डाळ, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर लागत नाही. म्हणजे त्याच प्रतीची तूरडाळ रविवार पेठेत पोत्यातून मोजून घेतली तर शंभराला पाच रुपयांचा फरक कराचाच पडतो, पाकिटाचा खर्च वेगळा. शिवाय सुटी डाळ तळहातावर घेऊन बघता येते, दाताखाली फोडता येते. उलट बाजूही आहे: निवडायला वेळ हवा, आणि वजनाच्या काट्यावर नजर हवी. वेळ नसलेल्या नोकरदार जोडप्यानं पाकीट घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. फक्त पाकिटावर लहान अक्षरांत छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर वाचा. 'मोठं पाकीट स्वस्त' हे दर वेळी खरं नसतं, आणि 'एकावर एक मोफत'मधला माल पुष्कळदा मुदत संपत आलेला असतो.

दोन गोष्टी मात्र पेठ आणि मॉल दोन्ही सोडून थेट शेतकऱ्याकडून घ्याव्यात. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याच्या काठची काळी जमीन आहे. तिथं भात निघालं की ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. तो जवारी मसूर आकारानं बारीक, रंगानं काळपट तपकिरी, आणि आमटीला जी चव येते ती पाकिटातल्या गुलाबी डाळीला येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकऱ्याकडूनच वर्षाचा घेऊन, कडक उन्हं देऊन ठेवायचा. दर थोडा जास्तच पडेल, पण असा माल सवलतीच्या फळ्यावर कधी येत नाही.

दुसरी म्हणजे तांदूळ. येळ्ळूरचा बासमती प्रसिद्ध, रोजच्याला इंद्रायणी, सोनम, इंटाण. ओळखीचा शेतकरी असेल तर दिवाळीनंतर भातच घ्या आणि गिरणीतून काढून आणा. एका क्विंटल भातातून साधारण 60 ते 65 किलो तांदूळ पडतो, त्यावर दर काढून पेठेतल्या दराशी ताडून बघा. नवा तांदूळ स्वस्त असतो तो चिकट होतो म्हणून. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायची तयारी असेल तर हाच माल जुना होऊन दामदुप्पट वाटतो. घरात जागा नसेल, उंदीर-पोरकिड्यांची काळजी असेल, तर मात्र महिन्याला 10 किलो पेठेतून आणणंच शहाणपणाचं.

वर्षाच्या चटणीसाठी मिरची घ्यायची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी. ब्याडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हावेरी जिल्ह्याकडची. संकेश्वरी आपल्या हुक्केरी तालुक्यातली, लांब, सडपातळ आणि जहाल. अस्सल जवारी संकेश्वरी फार थोडी पिकते आणि तिचा दर ऐकून माणूस दोन पावलं मागं सरतो. म्हणूनच 'संकेश्वरी, स्वस्तात' असं कुणी ओरडत असेल तर ती बहुधा संकरित किंवा गुंटूरकडची असते. ब्याडगीतही शीतगृहातला गेल्या वर्षीचा माल नव्यात मिसळतात. नवी मिरची हातात चुरडली की वास नाकात जातो आणि बोटं लाल होतात. जुनीचा रंग गडद मळकट, देठ काळपट. संकेश्वर, निपाणीच्या बाजारात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडूनच मागवा. तयार तिखटाच्या पाकिटावर कितीही सूट असली तरी त्याची याच्याशी तुलना होत नाही, कारण त्यात मिरची कुठली हे कळायला मार्ग नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळं गुळाला त्यांनी इकडं यायचं कारणच नाही. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की तिथूनच ढेप उचलावी. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन टाकतात. चॉकलेटी, जरा मऊसर गूळ कमी दरात मिळतो आणि चांगलाही असतो.

मग सुपरमार्केटात काय घ्यायचं? खाद्यतेल, साखर, रवा-मैदा, चहा, साबण. या मालाला हंगाम नाही, पेठेतला दुकानदार छापील किमतीवर जेवढं सोडतो त्याहून मोठी साखळी जास्त सोडू शकते, आणि सणापूर्वीच्या ऑफरमध्ये फरक ठळक दिसतो. एवढीच यादी खिशात घालून जा. थंड हवेत फिरताना फळांच्या विभागाकडं पाय वळतातच, तिथं सफरचंदापलीकडं काही घेऊ नका.

सणांचा एक मुद्दा बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. बेळगावची भाजी गोव्याला जाते, त्यामुळं आपल्या दरावर गोव्याच्या चतुर्थीचा भार पडतो. चतुर्थीच्या आधीचा आठवडा भाजीसाठी वाईट. चोर्ला घाटात वाहतूक अडकली तर मात्र माल इथंच तुंबतो आणि दोन दिवस संध्याकाळी गल्लीत ढिगानं विकला जातो. भोगीची घेवडा-वांगी-गाजरं 13 जानेवारीला न घेता दोन दिवस आधी घ्या.

आंब्यासाठी अक्षय तृतीयेची पेटी ही हौस, सौदा नाही. मेच्या मध्यापासून धारवाडकडचा हापूस भरपूर येतो, चवीला कमी नाही आणि कोकणच्या पेटीपेक्षा बराच स्वस्त. तो धारवाडचा म्हणूनच मागा, कारण रत्नागिरीच्या खोक्यातही तोच निघू शकतो आणि दर मात्र खोक्याचा लागतो. त्याच दिवसांत कणकुंबी-जांबोटीकडची करवंदं, जांभळं खानापूरच्या बाजारात येतात. काजू चंदगड किंवा खानापूर बाजूच्या कारखान्यातून घेतला तर '320 नंबर' मागायची गरज नाही, तो पाहुण्यांपुढं ठेवायचा माल. एका पौंडात किती गर बसतात यावरून तो नंबर पडतो, चवीचा त्याच्याशी संबंध नसतो. उसळीला आणि शिऱ्याला पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, घ्या. पावसाला सुरुवात व्हायच्या आत घेऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.