बँग ऑन अ कॅन: नाशिकमधून ऐकणाऱ्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगतो, ज्यांना भावगीतं आणि फार तर थोडा मोझार्ट एवढंच झेपतं त्यांनी इथे वेळ घालवू नका. बँग ऑन अ कॅन ही न्यूयॉर्कची संस्था आहे, 1987 मध्ये मायकल गॉर्डन, डेव्हिड लँग आणि ज्युलिया वुल्फ या तिघा संगीतकारांनी चालू केली आणि तेव्हापासून धंदा एकच, वेस्टर्न क्लासिकलमधलं आजचं, नवीन, विचित्र, कुठल्याच खान्यात न बसणारं जे काही लिहिलं जातंय ते लोकांपुढे वाजवायचं. मी काही न्यूयॉर्कला जाऊन तिकीट काढलेलं नाही. यूट्यूब, त्यांची कँटलूप नावाची रेकॉर्ड कंपनी आणि ऑनलाइन कार्यक्रम, एवढ्यावर हा रिव्ह्यू आहे. पाचपैकी चार स्टार देतो, एक का कापला ते सांगतोच.

यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यांनी कंपूबाजी मोडली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नव्या संगीताचे सरळसरळ दोन गट होते, एक युनिव्हर्सिटीवाले, ज्यांचं संगीत कागदावर गणितासारखं अवघड, आणि दुसरे डाउनटाउनवाले, जे एकच छोटा तुकडा तासभर घोळवत बसायचे, आणि एकाच्या कार्यक्रमाला दुसरा फिरकायचा नाही (आपल्याकडे घराण्यांचं काय चालायचं ते माहितीये ना, तसंच). या तिघांनी मदर्स डेच्या दिवशी न्यूयॉर्कच्याच सोहो भागातल्या एका आर्ट गॅलरीत सलग 12 तासांचा कार्यक्रम ठेवला आणि त्यात युनिव्हर्सिटीवाला मिल्टन बॅबिट आणि डाउनटाउनवाला स्टीव्ह राइश दोघांच्याही रचना वाजवल्या, म्हणजे दोन्ही गटांचे अध्वर्यू एकाच दिवशी एकाच मंचावर. लोकांनी कधीही यावं, कधीही उठून जावं, कोणी भुवया उंचावणार नाही. या मॅरेथॉन मग त्यांनी वर्षानुवर्षं केल्या.

1992 मध्ये त्यांनी स्वतःचा बँड काढला, ऑल-स्टार्स. सहा जण: क्लॅरिनेट, चेलो, डबल बास, पियानो, पर्कशन आणि इलेक्ट्रिक गिटार. सगळं माइक-अँप लावून, त्यामुळे आवाज रॉक बँडसारखा अंगावर येतो पण समोर नोटेशनचे कागद असतात आणि एक चूक केली तर सगळं कोसळेल असं अवघड लिहिलेलं असतं.

आता ऐकायचं काय. डेव्हिड लँगची 'चीटिंग, लाइंग, स्टीलिंग' ही रचना पहिली लावा. माझा एक मित्र ढोल पथकात आहे आणि नोकरी अंबड एमआयडीसीत, गाड्यांच्या पार्टची कंपनी. त्याला मी काही न सांगता नुसतं ऐकवलं तर पंधरा सेकंदात म्हणाला, "भो, हे ब्रेक ड्रम वाजवताय का?" खरंच ब्रेक ड्रमच आहेत! गाडीच्या चाकातले, लोखंडी, तेच वाद्य म्हणून वाजवायचे असं लँगने लिहूनच ठेवलंय. मग तो मांडीवर ठेका धरायला लागला आणि दर वेळी फसला कारण तुकडा तोच येतो पण मधली गॅप सारखी बदलते, तुम्हाला वाटतं आता ठोका पडणार आणि तो पडतच नाही, आणि तुम्ही सोडून दिलं की पडतो. "सम कुठंय याची" असं तीनदा विचारलं त्याने. पूर्ण ऐकून मग परत पहिल्यापासून लाव म्हणाला, आणि हा माणूस नाशिक ढोल सोडून दुसरं काही ऐकत नाही हं.

आपल्या शास्त्रीय वाल्यांसाठी अमेरिकन संगीतकार टेरी रायलीची 'इन सी'. 1964 ची रचना, या लोकांनी नंतर ती रेकॉर्ड केली. एकूण 53 छोटे तुकडे, प्रत्येक वादकाने क्रमाने वाजवत जायचं पण कुठला तुकडा किती वेळा घोळवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, फक्त बाकीच्यांच्या फार पुढे किंवा मागे पडायचं नाही. मागे एकच स्वर टकटक टकटक चालू राहतो. लिहून ठेवलंय पण दर वेळी वेगळं होतं, म्हणजे बंदिश तीच आणि बढत ज्याची त्याची, आपल्याला हे समजावून सांगायला लागतच नाही. आणि हा रायली 1970 मध्ये भारतात येऊन पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शागीर्द झाला, किराणा घराणं. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला अंधारात येऊन जागा धरणारी मंडळी आपल्याकडे आहेत, त्यांच्यातल्या निम्म्यांना हे आवडेल असं माझं मत आहे, उरलेले निम्मे मला शिव्या देतील.

ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराचं 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' पण आहे. मूळ 1978 चं, टेपच्या लूपवर (तोच तुकडा परत परत फिरवणारी टेप) केलेलं, यांनी 1998 मध्ये तेच माणसांकडून वाजवून घेतलं. छान आहे, शांत आहे, ओझर एअरपोर्टवर फ्लाइट लेट झाली तर ऐका. यापेक्षा जास्त मला त्यात काही सापडलं नाही.

पण ज्युलिया वुल्फची 'अँथ्रासाइट फील्ड्स' मात्र बसून ऐकायची गोष्ट आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या मजुरांवर आहे, कोरस आणि ऑल-स्टार्स मिळून, 2015 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं याला. (लँगला 2008 मध्ये मिळालं होतं, दुसऱ्या एका रचनेसाठी.) पहिल्या भागात कोरस नुसती नावं गातो. खाणीत अपघात झालेल्या मजुरांच्या यादीतली. यादी इतकी लांबलचक की तिने त्यातले फक्त जॉन घेतले, आणि त्यातही ज्यांचं आडनाव एका अक्षरी उच्चाराचं तेवढेच. तरी संपत नाही. जॉन अमुक, जॉन तमुक, जॉन, जॉन, खालून बासचा घरघर आवाज, आणि सुरुवातीला तुम्ही मोबाईल बघत असता आणि मग मोबाईल कधी खाली ठेवला कळत नाही. पुढे कोळशातून दगड वेचणाऱ्या लहान पोरांचा भाग येतो, तो जोरदार आणि तुटक, आणि एका भागात खाणकामगारांच्या बायका अंगणात लावायच्या त्या फुलांची नुसती यादी गायली जाते. भाषण नाही, रडगाणं नाही, याद्याच. आपल्याकडे अशा विषयावर कोणी काही केलं की दुसऱ्या मिनिटाला निवेदक गहिवरतो.

पैशाचं गणित पण इंटरेस्टिंग आहे. 1997 पासून यांचा पीपल्स कमिशनिंग फंड चालतो, श्रोत्यांकडून छोट्या-मोठ्या रकमा गोळा करायच्या आणि त्या एकत्र करून नव्या संगीतकाराला रचना लिहायला द्यायच्या. गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त पावतीवर मंडप-डीजेच्या ऐवजी नवीन संगीत. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थ ॲडम्सला दर उन्हाळ्यात तरुण वादक-संगीतकारांसाठी शिबिर भरतं, मास मोका म्युझियममध्ये. ते म्युझियम म्हणजे मूळची फॅक्टरी, शेवटी तिथे कपॅसिटर बनायचे, कंपनी गेली, शेड राहिल्या, त्यात आता कला. सातपूरला बंद पडलेल्या शेडकडे बघून माझ्या मनात काय येतं ते सांगत नाही, प्लॉटचे रेट सगळ्यांना माहितीयेत.

लॉकडाऊनमध्ये मे 2020 ला त्यांनी मॅरेथॉन ऑनलाइन केली, सहा तास, फुकट, प्रत्येक जण आपापल्या घरातून. तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, संपेपर्यंत पार उजाडतं. कोणाच्या मागे फ्रीज, कोणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, आणि वाजवणं एकदम अव्वल.

आता कापलेला स्टार. एक तर सलग तीन-चार रेकॉर्ड ऐकल्या की तो ठोकाठोकीचा बाज डोक्यात बसतो, सगळ्यांनाच जोर लावायची हौस, हळू आवाजात काही सांगता येतं हे मधूनच आठवतं यांना. दुसरं, रचना कुठून आली, काय ऐकायचं, हे नवख्याला समजेल असं थोडं जास्त लिहायला काय हरकत होती, रेकॉर्डबरोबर येणाऱ्या माहितीत बहुतेक वेळा कौतुकच जास्त. आणि भाव डॉलरमध्ये, त्यामुळे रेकॉर्ड डाउनलोड घ्यायला गेलं की खिसा जाणवतो. तरी बँडकँपवर (रेकॉर्ड विकणारी वेबसाइट) आधी फुकट ऐकून मग घेता येतं, ते बरंय. कार्ड चाललं नाही तर बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू आहे का बघा, मला हे कस्टमर केअरवाल्याने अर्धा तास होल्डवर ठेवून सांगितलं (बँकेचं नाव घेत नाही).

गॉर्डनची 'इंडस्ट्री' मात्र सगळ्यात शेवटी ऐका. एकटा चेलो, त्याला इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेलं, साधा सुरू होतो आणि शेवटी लोखंड कापल्यासारखा किंचाळतो. मला प्रचंड आवडली. हेडफोन लावूनच ऐका पण, मी स्पीकरवर लावली होती तर खालच्या मजल्यावरच्या काकू पाण्याची मोटर जळाली का विचारायला वर आल्या होत्या.