तीन रविवार, तीन रस्से (पुणे)

गेले तीन रविवार पुण्यात नुसते रस्से खात फिरलोय. पहिली कोल्हापुरी थाळी. तांबडा झकास, कांदा-लसूण मसाल्याचा वास वाटी टेबलावर यायच्या आधीच आला. पण पांढऱ्याने पार निराशा केली, पांढरा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, आणि इथे चक्क कॉर्नफ्लॉवर लावून घट्ट केलेला, चमच्याला चिकटत होता. परत जाणार नाही.

मालवणी मात्र जिंकलं! कोंबडीला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि बांगड्याच्या आमटीला ओल्या खोबऱ्याचं, हा फरक बरीच हॉटेलं पाळतच नाहीत, सगळीकडे एकच ग्रेव्ही ओततात, इथे दोन्ही वेगवेगळं लागलं. आमटीत तिरफळं (मिरीसारखी कोकणातली मसाल्याची फळं) होती, ती चावायची नाहीत बरं का, जीभ बधिर होते, बाजूला काढून ठेवा. सोलकढी ताज्या नारळाची, दोन ग्लास प्यायलो.

तिसरी सावजी, ही पद्धत मूळ नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची. काळपट रस्सा, वर तर्री, तिखट तर आहेच पण दगडफुलाचा वास मागे रेंगाळतो. सोबतचा नागपूरकर मित्र पहिल्या घासाला काहीच बोलला नाही, सरळ दुसरी वाटी मागवली.