नऊ महिने अंगावर घेतलेलं प्लेट जॅकेट: गोळीची काळजी नाही, पट्टीची आहे

शेवटी बुलेटप्रूफ जॅकेटची ती चिकटपट्टी सुटलीच. कोपरांवर सरपटत साठ-सत्तर मीटर गेलो असेन. तोंडात माती, नजर पुढच्याच्या बुटाच्या टाचेवर, आणि डाव्या कुशीला एकदम गार हवा लागली. नऊ महिन्यांत त्या जागेला हवा म्हणून लागली नव्हती. हात घालून बघतो तर समोरचा पल्ला उघडलेला, कमरपट्टा मोकळा, आणि पुढची प्लेट फडताळाच्या दारासारखी एका बाजूनं लोंबतेय. सराव होता म्हणून निभावलं. मागून आवाज आला, "दुकान उघडलं का रे?"

म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव लिहिणार नाही, युनिटचं तर नाहीच. ज्यांच्या अंगावर हेच जॅकेट आहे त्यांना आपोआप कळेल. लेव्हल (म्हणजे कुठली गोळी अडते तो दर्जा), प्लेटची मापं, पाऊच कुठे बसतात, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर नुसतं रडगाणं गातोय म्हणाल. दोन प्लेटा, मऊ पॅनेल (प्लेटमागचे गोळीरोधक कापडाचे थर), कमरपट्टा आणि रिकामे पाऊच धरून माझं मीडियम काट्यावर ९ किलो ८०० भरलं. आधीचं याहून दोन किलो जड होतं. फरक प्लेटच्या मसाल्याचा. जुन्या प्लेटमध्ये अॅल्युमिना होतं, त्याची घनता पाण्याच्या ३.९ पटीच्या आसपास. हिच्यात बोरॉन कार्बाइड आहे, ते २.५. पुढे ते सिरॅमिक आणि मागे पॉलिथिलीनच्या दाबून बसवलेल्या थरांची पाठ. सिरॅमिकनं गोळीचं टोक फोडायचं, पाठीनं तुकडे झेलायचे. पहिले तीन आठवडे खांदे सोलवटले, नंतर सवय झाली. खांद्याची गादी उत्तम आहे, ती कुणी शिवली त्याला माझा नमस्कार सांगा.

मऊ पॅनेलबद्दल मात्र मला माझे शब्द परत घ्यायचे आहेत. दुसऱ्या महिन्यात मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो की प्लेटमागचं पॅनेल काढून टाका, प्लेट आहे तर फडक्याचं काय काम, दोन किलो वाचतील. दोघांनी ऐकलंही. मग एकदा निवांत बसलो असताना प्लेटच्या मागचं लेबल नीट वाचलं. ही प्लेट एकटी वापरायची नाही, मऊ पॅनेलच्या जोडीनंच तिची लेव्हल धरायची, असं त्यावर स्वच्छ लिहिलंय. एकटी चालणारी प्लेट वेगळी असते आणि जोडीनं चालणारी वेगळी, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. शिवाय छर्रे आणि किरचा प्लेटचं माप बघून येत नाहीत. प्लेट छातीचा मधला भागच झाकते, बाकी सगळं त्या 'फडक्या'च्या भरवशावर असतं. त्या दोघांना त्याच संध्याकाळी पॅनेल परत घालायला लावली. एकानं ते उशीखाली ठेवलं होतं.

आता पट्टी.

सगळे वेल्क्रो म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो, त्या नावाच्या मूळ कंपनीचा इथे काही संबंध नाही. एका बाजूला काटे, दुसऱ्या बाजूला मऊ फास, ती पट्टी. हिची कल्पना स्विस इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली आणि १९५५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. म्हणजे जन्मच रानातल्या काट्यांचा. आणि तिचं वाकडं कशाशी, तर रानाशीच. धागे, गवताचे तुरे, लोकरीचा भुगा, वाळलेला चिखल, जे दिसेल ते काट्यात भरून घेते आणि चिकटायचं विसरते. मी जुन्या टूथब्रशनं आठवड्यातून दोनदा काटे साफ करायचो. नऊ महिन्यांत तीन ब्रश झिजले. हत्याराला जेवढा वेळ देतो त्याच्या निम्मा या पट्टीला दिला.

वर तो आवाज. रात्री पाणी प्यायला पल्ला जरा सैल करावा तर चर्रर्र. आख्खं रान जागं होतं. आमच्यात एक जण खोकल्याचं सोंग करून त्या आवाजात पट्टी उघडायचा. गंमत नाही, खरंच तसं करायचा.

तर पट्टी सुटली त्या संध्याकाळी माझं ठाम मत होतं की माल हलका आहे. स्टोअरला तक्रार दिली. स्टोअरचे उस्ताद म्हणाले, "लिही बाबा, वर पाठवतो, पण उत्तर मला आत्ताच माहीत आहे." उत्तर सहा आठवड्यांनी आलं आणि त्यांचं खरं ठरलं. बॅलिस्टिक, म्हणजे गोळी अडवण्याची, हमी पाच वर्षं, शिवणीची एक वर्ष, आणि चिकटपट्टी ही 'वापरानुसार झिजणारी वस्तू', तिला हमी नाही. सोबत एक कार्ड जोडलेलं: उन्हात वाळवू नये, ब्लीच वापरू नये, इस्त्री करू नये. सूचना खऱ्या आहेत. मऊ पॅनेलच्या अॅरामिड धाग्याला ऊन सोसत नाही, ब्लीचमधल्या क्लोरीननं धागा कमजोर होतो, आणि पाणी शिरलं तर पॅनेलची ताकद घटते, म्हणूनच ते सीलबंद पिशवीत असतं. पण मी पट्टीबद्दल विचारलं होतं!

तेव्हा मी चिडून जॅकेटांच्या चाचण्या कशा होतात ते वाचायला घेतलं. अमेरिकेतली एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) ही सरकारी संस्था पोलिसांच्या जॅकेटांची मानकं ठरवते. सैन्यांची परिमाणं वेगळी असतात, पण पद्धत बरीचशी तीच. जॅकेटमागे अंगाच्या जागी खास मातीचा गोळा लावतात, गोळी झाडतात, आणि गोळी आरपार गेली नाही तरी मातीत किती खोल खळगा पडला ते मोजतात. ४४ मिलिमीटरच्या आत हवा. आणि ती मातीसुद्धा आधी तपासतात. साधारण एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून तिच्यावर टाकायचा, खळगा १९ मिलिमीटर पडला पाहिजे, दोन इकडे तिकडे चालतील. माती मऊ झाली की कडक, याची एवढी काळजी.

घासून-वापरून माल खराब होतो हेही त्यांना ठेच लागून कळलं. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या अंगावर झायलॉन धाग्याचं जॅकेट असताना गोळी त्यातून आत गेली. नव्यात जबरदस्त असलेला तो धागा उष्णता आणि दमटपणानं कमकुवत होत होता. २००५ मध्ये एनआयजेनं झायलॉन बाद केलं. २००८ च्या मानकात पॅनेल दहा दिवस ६५ अंश तापमानात आणि ८० टक्के दमट हवेत ड्रममध्ये गरगर फिरवायचं कलम आलं. ७२ हजार फेऱ्या. मगच गोळी.

हे सगळं वाचून माझा राग अजूनच वाढला. पॅनेलला ७२ हजार फेऱ्या, आणि ते पॅनेल अंगाला धरून ठेवणाऱ्या पट्टीला 'झिजणारी वस्तू'?

पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं आली. दोघं होते. एक इस्त्रीच्या शर्टातले विक्रीवाले, दुसरा हातात वही घेतलेला तरुण इंजिनियर. विक्रीवाल्यांनी माझंच जॅकेट टेबलावर बंद केलं आणि कमरपट्टा दोन्ही हातांनी ओढला. तसूभर हलला नाही. "बघा साहेब, पाच हजार वेळा उघडबंद करूनही सर्टिफिकेटमध्ये पास आहे." मीही ओढला. नाहीच सुटला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

मग उस्तादांनी पल्ल्याची वरची कड नखानं उचलली आणि दोन बोटांनी सोलली. चर्रर्र. केळं सोलायला जास्त जोर लागतो.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पट्टी ओढली तर दाद देत नाही, सोलली तर लगेच सुटते. हा दोष नाही, तिची जातच तशी आहे, नाहीतर आपल्याला ती उघडताच आली नसती. मग कड कोण सोलतं? जमीन सोलते. या जॅकेटचा पल्ला खालून वर येऊन छातीवर चिकटतो, म्हणजे त्याची उघडी कड डोक्याकडे. माणूस पालथा पडून पुढे सरकतो तेव्हा ती कड फावड्यासारखी माती उपसत जाते. थोडी माती आत, मग थोडा काडीकचरा, मग कड वाकते, मग सगळा पल्ला. ज्यानं एकदा तरी कौलं घातलेली बघितली आहेत त्याला हे कळेल. वरचं कौल खालच्यावर येतं, पाणी आत शिरू नये म्हणून. इथे कौलं उलटी घातली होती.

मी म्हटलं, "तुम्ही हे टेबलावर ओढताय. जरा घालून पालथे पडा ना."

विक्रीवाले हसले. इंजिनियर हसला नाही. त्यानं वही माझ्याकडे दिली, जॅकेट चढवलं, प्लेटांसकट, आणि बाहेर मैदानात आडवा झाला. कोपर कसे टाकायचे तेही पोराला माहीत नव्हतं, उस्तादांनी दाखवलं. पहिले दहा-बारा हात काही झालं नाही. माती कोरडी आणि मोकळी होती तिथे आल्यावर कड वळली. मग त्यालाच ऐकू आलं, चर्र, अर्धा पल्ला. तो तसाच पडून राहिला आणि पोटाखाली हात घालून चाचपत होता. उठला तेव्हा शर्टाची वाट लागली होती. चेहरा मात्र हरवलेली किल्ली सापडल्यासारखा. म्हणाला, "आम्ही हे पुतळ्यावर बसवून बघितलं होतं." पुतळा उभा असतो.

म्हणजे मालाबद्दलचं माझं मत चुकीचं होतं. पट्टी चांगली आहे, दिशा चुकली आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धा गुन्हा माझाही. इंजिनियरनं माझी मऊ बाजू बोटानं उलटसुलट केली आणि विचारलं, "धुताना पट्टी उघडी ठेवता का?" ठेवत होतो. उघडी ठेवून धुतली की काटे त्याच जॅकेटचे फास ओरबाडून काढतात आणि सगळा भुगा स्वतःत भरून घेतात. बंद करून धुवायची. हे कार्डावर का नाही, असं विचारलं तर त्यानं ते पण वहीत लिहिलं. ब्रशसुद्धा मी चुकीचा वापरत होतो. मऊ केसांचा ब्रश भुगा आणखी आत ढकलतो. जाड सुईच्या टोकानं ओळीओळीनं उकरलं तर पाच मिनिटांत काटे साफ होतात.

तात्पुरती सोय आम्हीच केली. जुन्या, मोडीत निघालेल्या पिशवीची जाड नायलॉन पट्टी कापली आणि कवराच्या छातीवर अशी शिवली की पल्ल्याची उघडी कड त्या ओठाखाली दडते. माती वरून घसरून जाते. शिवताना पॅनेल आणि प्लेट आधी बाहेर काढा, हे हात जोडून सांगतो. पॅनेलमधून सुई गेली की त्याची सीलबंद पिशवी फुटली आणि पाण्याला वाट मिळाली. आमच्या सेक्शनमध्ये नऊ जॅकेटांना ओठ लावला, खर्च शून्य, दोऱ्याचं एक रीळ स्टोअरमधून. त्यानंतर दोन सराव झाले, एकदाही दुकान उघडलं नाही.

मधल्या काळात माझी प्लेट एकदा दगडावर पडली. सिरॅमिकला बाहेरून काही दिसत नाही, आत तडा असू शकतो. बोटाच्या पेरानं सगळीकडे ठोकून बघितली, एका कोपऱ्यात आवाज बद्द वाटला. ती जमा करून एक्स-रेला पाठवली, तडा नाही असा शेरा घेऊन परत आली. कान माझे फितूर झालेत. तरी पडलेली प्लेट 'चालतंय' म्हणून घालू नका, माझ्यासारखी काटकसर तिथे नको.

हेल्मेटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बरं आहे, हनुवटीचा पट्टा घामानं वास मारतो.

मागच्या आठवड्यात नव्या लॉटचे दोन नमुने आले. पल्ला उलटा केलाय, वरून खाली बंद होतो, आणि कडेला एक छोटं बकल दिलंय. मी लगेच पालथा पडलो. स्टोअरच्या फरशीवर, मग बाहेर. पुढे जाताना काही होत नाही. तारेखालून मागे सरकताना मात्र आता खालची कड माती भरून घेते, फक्त बकल धरून ठेवतं म्हणून पल्ला सुटत नाही. बकल नेमकं बरगडीवर येतं आणि टोचतं, ते दोन बोटं पुढे घ्या असं लिहून दिलंय.

आवाज तोच आहे. त्याला बकल काय करणार.