रेंदेर पणजोबांचा माग: गोव्याची जुनी दफ्तरे काही महिने चाळल्यानंतर

ज्यांच्या पणजोबांच्या नावावर भाट, म्हणजे माडांची बाग, होते, त्यांना या अनुभवाचा फारसा उपयोग नाही. त्यांचे कागद घरच्या पेटीतच असतात. माझे पणजोबा रेंदेर. दुसऱ्याच्या माडावर चढायचे, पोय (माडाचा फुलोरा) बांधायची, काती (कोयता) चालवायची, सूर (माडी) उतरवायचा. राहते घरही भाटकाराच्या (भाटाच्या मालकाच्या) जमिनीत, म्हणजे मुंडकार. अशा माणसाचा दफ्तरात पत्ता लागतो का, हे गेला पावसाळा सरल्यापासून पाहतो आहे. लागतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी कागदात.

सुरुवात नागरी नोंदणीपासून करावी. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, आणि त्यानंतरच्या कायद्यांनी जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद धर्म न पाहता सरकारी वहीत करायची पद्धत गोव्यातही आणली. ख्रिस्ती घरांना त्याच्या मागेही जाता येते, कारण चर्चच्या वह्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आमच्यासारख्या हिंदू घराला तिथे काही मिळाले नाही. त्यात वेळ घालवू नका.

जन्माची नोंद मिळवताना एक गोष्ट सांभाळा. दोन प्रकारचे दाखले मिळतात. नारातीवा म्हणजे सारांश, आणि तेओर म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. घ्यायची ती तेओर. तिच्यात आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावे असतात, माहिती देणारा कोण, साक्षीदार कोण, त्यांचा धंदा काय, राहणार कुठले, हे सगळे असते. आजोबांच्या एका तेओरमधून मी दोन पिढ्या मागे गेलो. पणजोबांच्या धंद्याच्या जागी रोजंदारीवाला असा शब्द आहे, रेंदेर नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला दोन्ही सारखेच. खाली नेहमीचे वाक्य: लिहिता येत नसल्याने सही केली नाही. ते वाक्य या वह्यांत इतके येते की दोनचार पाने उलटल्यावर डोळा त्यावर थांबत नाही. आपल्या माणसाच्या नोंदीत मात्र थांबला.

नाव शोधणे हा वेगळा उद्योग. मला वाचवले ते खिडकीवरच्या एका ज्येष्ठ बाईंनी. मी आडनाव सांगतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, आडनाव सोडा. पहिले नाव सांगा आणि बापाचे नाव सांगा." मी पाहिलेल्या वह्यांची सूची पहिल्या नावाने लावलेली होती, आणि कष्टकरी हिंदू घरांत आडनाव पक्के नव्हतेच. एका नोंदीत बापाचे नाव आडनावाच्या जागी, दुसऱ्या भावाच्या नोंदीत गावकीतली ओळख, तिसऱ्यात नाईक. शिवाय लिपी. शसाठी एक्स, कसाठी कुठे सी तर कुठे क्यू, अकारासाठी ओ. पांडुरंगाचा पांडुरोंगा होतो, विठ्ठलाचा विठोल, शांताराम तर एक्सच्या पानावर जाऊन बसतो. शोधाआधी प्रत्येक नावाची चारपाच रूपे वहीत लिहून न्या. पुढे शिकलेल्या पिढ्यांनी कागदोपत्री नावे बदलूनही घेतली. त्यासाठी १९९० चा कायदा आहे, म्हणजे आजचे आडनाव घेऊन मागे जाणे आणखीच फसवे.

गर्दीची कल्पना ठेवा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी हेच कागद मागतात, त्यामुळे खिडकीवर प्रत्येकजण घाईत असतो आणि मला पासपोर्ट नको, पणजोबा हवे आहेत असे सांगितले की लोक विचित्र नजरेने बघतात. एका कार्यालयात तर माझा अर्ज कोणत्या कामासाठी हा रकाना रिकामा आहे म्हणून परत आला. दुसऱ्यांदा 'कौटुंबिक इतिहास' असे लिहिले, तेव्हा गेला. एजंट सगळीकडे भेटतात. अक्षर ओळखणारा एखादा बरा असतो, पण बहुतेकांना फक्त पासपोर्टपुरती साखळी जोडायची असते. साक्षीदारांची नावे त्यांच्या खिजगणतीत नसतात, आणि मला तर तीच हवी होती.

खरा खजिना निघाला तो इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसा-वाटणीच्या कोर्टातल्या फायलीत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. माणूस मेला की मालमत्तेत मुलांचा ठरलेला वाटा असतो, म्हणून मोठ्या घरांची वाटणी कोर्टातून होते आणि मालमत्तेची यादी होते. आमच्या घरात वाटण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे पणजोबांच्या नावाने अशी फाइल असण्याचा प्रश्नच नव्हता. मग भाटकाराची फाइल पाहिली. त्यांच्या नातवंडांनी हरकत घेतली नाही, उलट वाचायला मदत केली, हे मुद्दाम सांगतो. भाटाच्या वर्णनात चतुःसीमा, माडांची संख्या आणि त्यातली मुंडकारांची घरे. आणि शेवटी येणे बाकी. त्या यादीत माडांच्या खंडापोटी थकलेल्या रेंदेरांत पणजोबांचे नाव होते, बापाच्या नावासकट. थकबाकी रुपये आणि तांगांत. तेव्हा १६ तांगांचा एक रुपया, एस्कुदो हे पोर्तुगीज चलन फार पुढे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याची नोंद राहिली ती तो कोणाचे तरी देणे लागत होता म्हणून. हे वाचून मला वाईट वाटले की आनंद झाला, ते अजून ठरत नाही.

म्हणून सल्ला: मालक ओळखा, मग त्याचे कागद शोधा. नोतारीच्या (नोटरीच्या) दस्तांतही असेच. कर्जाच्या कागदावर जामीन आणि साक्षीदार म्हणून गावचेच लोक उभे असतात.

जमिनीच्या ऑनलाइन नोंदी, म्हणजे सर्वे नंबरनिहाय एक-चौदाचा उतारा, चटकन मिळतात, पण त्या १९६१ च्या मुक्तीनंतरच्या मोजणीवर उभ्या आहेत. पणजोबांपर्यंत त्या जात नाहीत. मुंडकारांना संरक्षण देणाऱ्या १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे नोंदवही असते. तिथे आजोबांचे नाव आहे, आणि घर कोणत्या सर्वे नंबरात हे कळल्याने जुन्या भाटाची जागा नक्की झाली. एवढ्यासाठी ती पाहावी.

पणजीचे पुराभिलेख खाते जुने. १५९५ साली इतिहासकार दियोगु दु कोउतु याची दफ्तराचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली, तिथपासून त्याची परंपरा सांगतात. व्हाइसरॉय आणि व्यापार यांवर अभ्यास करणाऱ्याला ते पुरून उरेल. रेंदेरासाठी जाताना हातात गाव आणि अंदाजे साल घेऊनच जा. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी राजपत्रे, बोलेतीं, पाहिली. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर अबकारीचा, म्हणजे दारू-माडीवरच्या कराचा, जो फास बसला, तो पणजोबांच्या बापाच्या काळातला. करार १८९२ साली संपला. नियम छापील मिळतात, माणसे मिळत नाहीत. फोनवरचे भाषांतराचे अ‍ॅप छापील पोर्तुगीज बरे वाचते, हस्ताक्षरापुढे हात टेकते. अक्षर लावायला निवृत्त कारकून गाठा.

आमचा गाव नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या भागातला, त्यामुळे देवस्थानचे जुने जमाखर्च मोडीत आहेत. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार घराण्यांच्या, यादीत आम्ही नाही, हे ठाऊक आहे. पण जत्रेला माड कोणी उतरवले आणि मजुरी काय दिली, हे खर्चाच्या बाजूला असणार. मोडी वाचणारा मिळाला की त्या वह्या उघडणार आहे.