म्हाताऱ्या माणसांची झोप: सकाळचा वॉक की दिवसभर टीव्हीसमोर?
आईबाबांना रात्री झोप येत नाही म्हटलं की आपण लगेच गोळीचं विचारतो, पण आधी त्यांचा दिवस कसा जातो ते बघा ना. दिवसभर टीव्हीसमोर बसलं की मधेमधे डुलकी लागते, आणि जागेपणी मेंदूत साठणारं अडेनोसिन, ज्यामुळे रात्री झोप येते, ते त्या डुलकीतच कमी होतं, मग रात्री दोनला डोळे टक्क उघडे! वॉकला गेलं तर अंग दमतं शिवाय कोवळं ऊन मिळतं, शरीराचं घड्याळ त्या उजेडावरच लागतं, म्हणून माझं मत वॉकलाच. डब्ल्यूएचओ ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज २०-२२ मिनिटंच. गुडघे दुखत असतील तर निदान तासातासाला उठून घरातच फेरी मारू दे त्यांना.