आठ महिने पाठीवर वाळू: एल्कच्या शिकारीसाठी केलेल्या व्यायामाचा अनुभव

फेब्रुवारीत गॅरेजमधली जुनी सायकल भिंतीला टेकवून चार वस्तूंची जागा केली: फ्रेमवाली मोठी सॅक, २७ किलोची वाळूची पिशवी, २४ किलोची केटलबेल (मुठीचा लोखंडी गोळा) आणि घरीच ठोकलेलं ४० सेंटिमीटर उंचीचं लाकडी खोकं. आठ महिने वापरून, एक शिकार करून, मांस घरी आणून झाल्यावर हे लिहितोय.

आधी थोडं स्पष्टीकरण, कारण भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगताना माझी जीभ अजून अडखळते. मी अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरजवळ राहतो. कोलोराडोत एल्कच्या मादीच्या परवान्यासाठी एप्रिलपर्यंत अर्ज करायचा, मग सोडत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. मादीच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात १९६४च्या कायद्याने मोटार सोडा, सायकलही चालत नाही. खाण्याजोगं मांस तिथेच टाकून येणं हा गुन्हा. म्हणजे गोळी झाडल्यावर खरी मेहनत सुरू होते, आणि ती पाठीवर.

सुरुवात चुकली. मी इंटरनेटवरून १२ आठवड्यांचा एक तयार कार्यक्रम विकत घेतला. उड्या, बर्पी (जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि उडी मारायची), घड्याळ लावून धापा टाकणं. घाम बादलीभर, पण डोंगरात कुणी उड्या मारत नाही. त्यात मी शहाणपणा केला आणि सॅकमधलं वजन तीन आठवड्यांत १० वरून २५ किलोवर नेलं. पाचव्या आठवड्यात डावा गुडघा जिना उतरताना बोलायला लागला. दोष अर्धा कार्यक्रमाचा, अर्धा माझ्या घाईचा. दोन आठवडे नुसतं चाललो आणि मग सगळं नव्याने बसवलं: दोन दिवस ताकद, दोन दिवस बोलता येईल इतक्या संथ वेगाने टेकडी, एक दिवस सॅक. वजन आठवड्याला जास्तीत जास्त दोन किलोने वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला असेल तर खोक्यावरून उतरण्याचा. चढण्याचा नव्हे. सगळे स्टेप-अप करतात आणि खालच्या पायाने हळूच ढकलून घेतात. तो लबाडीचा स्टेप-अप मीही महिनाभर केला. उतरताना मात्र लबाडी करता येत नाही. एक पाय खोक्यावर, दुसरा हवेत, चार अंक मोजत खाली यायचं, टाच जमिनीला नुसती लावायची आणि परत वर. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि स्नायूला सगळ्यात जास्त इजा त्याच कामात होते. ते दुखणं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी कळस गाठतं. ट्रेकहून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून उलटं उतरलेल्यांना हे सांगायला नको. शिकारीत गंमत अशी की दुसऱ्या दिवशी उरलेलं मांस आणायला परत जायचं असतं. सुदैवाने शरीर हे लवकर शिकतं: हेच काम थोडं थोडं आधी करून ठेवलं तर पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. म्हणून आठवड्यातून दोनदा, न चुकता.

लांबच्या चालीत मात्र गुडघे वाचवायचे म्हणून सॅकमध्ये १५ लिटर पाण्याचा कॅन टाकून घरामागची टेकडी चढायचो आणि वर जाऊन झाडांना पाणी घालायचो. उतरताना पाठ हलकी. महिन्यातून एकदा मॅनिटू स्प्रिंग्जचं इनक्लाइन: जुन्या केबल रेल्वेच्या मार्गावरच्या २७६८ पायऱ्या, जवळजवळ ६०० मीटर चढ. लहानपणी आतकरवाडीतून सिंहगड चढलेल्या माणसाला वाटतं, हे काय! अर्ध्यावर ते मत बदलतं.

दुसरा उपयोगी व्यायाम दिसायला हास्यास्पद आहे: वाळूची पिशवी छातीशी धरून जमिनीवर आडवं व्हायचं आणि उठायचं. मार्केट यार्डात हमाल गोणी जमिनीवरून एकटा पाठीवर घेत नाही, दोघं जण हात लावून देतात. चालणं जमतं, उठणं अवघड. रानात हात लावायला कुणी असेलच असं नाही. बसून पट्टे अडकवायचे, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं आणि काठ्यांच्या आधाराने उभं राहायचं. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, ठेवले, पाच-पाचचे तीनच संच. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन ढकलणं, मे महिन्यात सोडला. त्याची आठवणही आली नाही.

सामानाबद्दल: वाळूच्या पिशवीची शिवण मे महिन्यात उसवली आणि गॅरेजभर समुद्रकिनारा झाला. आता आत जाड प्लास्टिकची पिशवी, तिला दोनदा टेप. सॅक उत्तम, पण वजन तळाशी ठेवलं की कमरपट्टा घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. वाळू जुन्या टॉवेलात गुंडाळून खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीला चिकटून बसवली तेव्हा कुठे जमलं.

परीक्षा ऑक्टोबरच्या मध्यात झाली. ३१०० मीटर उंची, वीतभर बर्फ, अंगात भगवा नव्हे तर कायद्याने सक्तीचा भडक नारिंगी. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी मिळाली. गाडी पाच किलोमीटरवर. मित्राने आणि मी दोन-दोन खेपा केल्या. माझी पहिली खेप ३३ किलोची, मागची एक तंगडी आणि वर सुटं मांस. मांड्या दुसऱ्या दिवशीही शाबूत होत्या, गुडघ्याने तोंड उघडलं नाही. तेवढ्यावरून मी खोक्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

दम मात्र गॅरेजने दिला नाही. डेन्व्हर १६०० मीटरवर आणि आम्ही त्याच्या दुप्पट उंचीवर. तिथे दोन दिवस आधी जाऊन राहायला हवं होतं. आणि एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. भुंगेऱ्यांनी मारलेली पाइनची झाडं तिथे काड्यांसारखी एकमेकांवर पडलेली असतात. पाठीवर ३३ किलो घेऊन मांडीइतक्या उंच ओंडक्यावरून आडवा पाय टाकायचा, तोही तिरप्या उतारावर, आणि हे शंभरदा. जांघा आणि घोटे असे दुखले की तंबूत बूट काढायला मित्राला सांगावं लागलं. माझा सगळा सराव सरळ पुढे आणि सरळ खाली होता. बाजूला एकदाही नाही.

शेजाऱ्याने मागच्या महिन्यात झाड पाडलं. त्यातला एक ओंडका मागून आणलाय, गॅरेजमध्ये खोक्याशेजारी दोन विटांवर आडवा ठेवलाय. सध्या सॅकमध्ये फक्त १० किलो, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. बायकोची तक्रार आहे की गाडी आता बाहेर उभी राहते.