रिक्षाने कन्याकुमारीला निघालो होतो, मुरुडेश्वरहून बसने परत आलो

आधीच सांगतो, मी एका पतसंस्थेत कर्ज खात्यात १९ वर्षं काम करतो. दुसऱ्याच्या गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हप्ते थकलेत का, हे बघण्याचा मला पगार मिळतो. म्हणूनच हे लिहायला चार महिने लागले. घरचे म्हणत होते, कशाला सांगत बसायचं, लोक हसतील. हसू देत. गेल्या आठवड्यात तीच रिक्षा पुन्हा विक्रीला लागलेली दिसली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

बेत माझा आणि दाजींचा. दाजींनी कोल्हापुरात ११ वर्षं रिक्षा चालवली आहे, लायसन्स-बॅज सगळं आहे. नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढायची आणि रिक्षाने कन्याकुमारी गाठायची. दाजीपूरवरून फोंडा घाट उतरायचा, कणकवलीला ६६ नंबरचा महामार्ग धरायचा आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून गोवा, कारवार, मंगळूर, केरळ. साधारण साडेबाराशे किलोमीटर. चाळीसच्या वेगाने दिवसाला दीड-पावणेदोनशे झाले तरी सात-आठ दिवसांत पोचलो असतो.

गाडी मोबाईलवरच्या जाहिरातीत सापडली. २०१६ ची, पेट्रोलची, निळा हूड, ‘लांबच्या टूरसाठी तयार, खासगी पासिंग’. विकणारा शहराबाहेर एका गॅरेजच्या आवारात भेटला. बोलायला गोड, आणि त्याला रस्त्यांची खडानखडा माहिती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रिक्षा घेत नाहीत, जुन्या रस्त्यानं जावं लागतं. केरळात सहासष्टचं काम चाललंय, तिथं वळणरस्ते फार. स्टेपनी एकाऐवजी दोन घ्या. क्लच वायर आणि अ‍ॅक्सिलेटर वायर जादा ठेवा. हे सगळं खरंच होतं. माणूस दहा गोष्टी खऱ्या सांगतो, तेव्हा अकरावी तपासायचं आपल्या मनात येत नाही.

दाजींनी गाडी मन लावून तपासली. इंजिनचा आवाज ऐकला, लायनर बघितले, खाली झोपून चेसिसला कुठं वेल्डिंग आहे का ते पाहिलं. एकच खोड सापडली, गाडी चालू करण्याची, आणि ती विकणाऱ्यानंच दाखवली. चोक अर्धाच ओढायचा, पुरा ओढला की पेट्रोल जास्त होऊन गाडी रुसते. आणि सेल्फ मारताना हँडल पार डावीकडे वळवून धरायचं, सरळ हँडलला सेल्फ लागतच नाही. आत कुठंतरी वायर तुटत आली होती. “एवढं सांभाळा दाजी, बाकी इंजिन सोनं हाय,” म्हणाला.

कागद बघायचं काम माझं. त्यानं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, दाखवली ती स्वतःच्या मोबाईलवर, पीडीएफ. बोजाच्या रकान्यात काही नव्हतं. मी तोच नंबर माझ्या मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला असता तर अर्ध्या मिनिटात सगळं कळलं असतं. मालकाचं नाव तिथं अर्धवट झाकलेलं असतं, पण गाडी कर्जावर आहे का, फिटनेस कधीपर्यंत, विमा आहे का, हे दिसतं. संस्थेत मी रोज हेच करतो. त्या दिवशी केलं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. रविवार होता, उन्हं कलली होती, दाजी आवारात रिक्षा गोल गोल फिरवत होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

रिक्षाचे ९२,०००. परमिट रद्द करून गाडी खासगी करणं आणि नाव चढवणं, याचे १४,०००. फास्टॅगचे ३,०००. एकूण १ लाख ९ हजार. त्यातले ६० हजार रोख, ४९ हजार यूपीआयने ‘भाच्याच्या’ नंबरवर. हातात काय मिळालं, तर २९ आणि ३० नंबरचे सही केलेले कोरे टीटीओ (मालकी बदलाचे) फॉर्म आणि “नवीन आरसी पोस्टानं घरी येईल” हा शब्द. ज्याच्या नावावर आरसी त्याच्याच खात्यावर पैसे, हे मी कर्जदारांना कितीदा ऐकवलं असेल! आणि बोजा उतरवायचा तर ३५ नंबरचा फॉर्म आणि कर्ज देणाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो, हे मला झोपेतही पाठ आहे.

फास्टॅगचं तर हसूच येतं. राष्ट्रीय महामार्गावर तीनचाकीला सहसा टोलच नसतो. अंकोल्याजवळच्या हट्टीकेरीच्या नाक्यावर माणसानं हातानंच ‘कडेनं जा’ अशी खूण केली, तेव्हा दाजी म्हणाले, “मग आपण तीन हजार कशाचे दिलं?” मी म्हटलं, पुढं लागत असेल.

कॅरियर, मागच्या सीटचा पलंग आणि नवीन रेक्झिन याला आणखी १८,५०० गेले. मागे ‘कोल्हापूर ते कन्याकुमारी’ असं मोठ्या अक्षरात स्टिकर. शेवटी आमची रिक्षा कोल्हापूरची, नटल्याशिवाय बाहेर कशी पडणार? निघताना विकणाऱ्याचा फोन आला. “रोज कुठं मुक्काम ते कळवत जावा साहेब, फोटो टाकत जावा. काय लागलं तर रस्त्यावर माझी माणसं आहेत.” हे मात्र त्यानं अक्षरशः खरं सांगितलं होतं.

पहिला इशारा दुसऱ्याच दिवशी पत्रादेवीला मिळाला. गोव्याच्या हद्दीत शिरताना हवालदारानं थांबवलं. आधी कौतुकानं स्टिकर वाचलं, मग खाली वाकून नंबरप्लेट बघत राहिला. अंगठ्याच्या नखानं त्यानं कोपऱ्यात खरवडलं. पांढऱ्याचा पापुद्रा निघाला आणि खाली पिवळं दिसलं. गव्हाच्या दाण्याएवढं पिवळं. तो काही बोलला नाही, नख पँटला पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

खासगी गाडीची पाटी पांढरी आणि भाड्याच्या गाडीची पिवळी, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पाटी रंगवून गाडी खासगी होत नाही. परमिट आरटीओत जमा व्हावं लागतं आणि आरसीवर वाहनाचा वर्ग बदलून यावा लागतो. मी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “कन्व्हर्जन झालंय साहेब, सिस्टिमला दिसायला वेळ लागतो.” हवालदार म्हणाला, परत जाऊन कागद नीट करून या. दंडाची पावती फाडली आणि सोडलं. आम्ही परत फिरलो का? नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटर गोवा पुढं पसरलेला, आणि दाजी म्हणाले, आता परत गेलो तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं. ते पिवळं मी चिकटपट्टी लावून झाकलं. म्हणजे त्या लबाडीत माझाही हात लागलाच.

गोवा-कर्नाटक हद्दीवरचा पोळ्याचा नाका ओलांडून कारवार, मग गोकर्णला मुक्काम, तिसऱ्या दिवशी होन्नावरची शरावती ओलांडून मुरुडेश्वर. हे तीन दिवस सुंदर गेले, ते मी नाकारणार नाही. पण त्याचं वर्णन करायची ही जागा नव्हे. १२३ फुटी शंकरासमोर रिक्षा उभी करून फोटो काढला आणि लॉजच्या पाटीसकट विकणाऱ्याला पाठवला. रात्री सव्वानऊला. त्याचा अंगठा आला.

पहाटे पावणेसहाला दारावर थाप. खाली बोलेरो उभी आणि चार माणसं. एकानं मोबाईलवर आमच्या रिक्षाचा नंबर आणि पुढं लाल अक्षरात थकबाकी दाखवली. सात हप्ते. लॅमिनेट केलेलं एक पत्र डोळ्यासमोर धरून लगेच मागे घेतलं. “गाडी फायनान्सची हाय, तुमचा इकणाऱ्याशी काय असंल तो व्यवहार तुमचा तुम्ही बघा.” मग छापील कागद पुढं केला. ‘मी वाहनाचा ताबा स्वखुशीने देत आहे.’

मी सही केली.

हा कागद मला नवा नव्हता. आमच्या संस्थेतही असतो, फक्त टेबलाच्या या बाजूला मी असतो. थकबाकी म्हटल्यावर मान खाली घालायची, ही सवय मी लोकांना लावली होती, ती मलाच लागलेली निघाली. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करू नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. एजंटकडं अधिकारपत्र आणि ओळखपत्र लागतं, उचलताना गाडीत काय काय आहे याची यादी करून द्यावी लागते, बळजबरी चालत नाही. सगळं माहीत. मी ना शाखेचा नंबर मागितला, ना ११२ ला फोन केला. दाजींनी कॅरियरवरचा स्टोव्ह आणि बॅगा उतरवल्या. त्यातला एक जण रिक्षात बसला आणि रिक्षा गेली.

भटकळहून हुबळीची बस मिळाली. दाजी खिडकीशी गप्प बसलेले. घाट चढताना एकदम म्हणाले, “त्यानं हँडल डावीकडं वळवलं.”

“कुणी?”

“त्या वसुलीवाल्यानं. चोक अर्धा ओढला, हँडल पार डावीकडं घेतलं, मग सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू. मी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस?”

मीही नव्हतं सांगितलं. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, जी पहाटेच यायला हवी होती. मुरुडेश्वरात, कानडी मुलखात, ती चारही माणसं अस्सल कोल्हापुरी बोलत होती. बोलेरोची पाटी महाराष्ट्राची.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो. गाडीवर कर्ज खरंच होतं, हप्तेही थकले होते. पण त्यांनी कुणालाही पाठवलं नव्हतं आणि गाडी त्यांच्या यार्डात नव्हती. मूळ कर्जदारानं कधीच नोटरीवर कुणाला तरी विकलेली. तेव्हापासून ती अशी फिरत होती. विकायची, ‘उचलायची’, पुन्हा विकायची. थकबाकी खरी असल्यामुळे घेणारा ओशाळतो आणि गप्प बसतो.

टूरवाला गिऱ्हाईक यांना का आवडतं, तेही आता कळतं. कोल्हापुरात स्टँडवरून रिक्षा उचलून दाखवा, पन्नास रिक्षावाले गोळा होतील. परमुलखातल्या लॉजवर पहाटे कोण येणार? शिवाय नेमकी कुठं उभी आहे, ते आपणच फोटोसकट कळवतो.

तक्रार मी कोल्हापुरात दिली, ती घेतली गेली, तपास चालू आहे. पण ती स्वखुशीची सही मध्ये येतेच, प्रत्येक वेळी तिचा खुलासा करावा लागतो. नव्या कायद्यानं, १ जुलै २०२४ पासून, गुन्हा कुठंही घडला असला तरी जवळच्या कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. म्हणजे भटकळलाच जायला हवं होतं, गाडी तेव्हा फार लांब गेली नसती. यूपीआयच्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर व्यवहाराला तीन आठवडे झालेले. ‘भाच्याच्या’ खात्यात ६,२०० उरले होते, तेवढे गोठवले.

आता गेल्या आठवड्यातली जाहिरात. ‘टूर रिक्षा, बेड आणि कॅरियरसह, १ लाख १५ हजार.’ आमच्याच कॅरियरचे पैसे धरून! मागचं स्टिकर खरवडलंय पण पुरतं निघालेलं नाही, ‘कोल्हापूर ते कन्या’ एवढं वाचता येतं. पोलिसांना स्क्रीनशॉट दिले. मी खाली दोन ओळी लिहिल्या, तर दहा मिनिटांत जाहिरात गायब. दोन दिवसांनी दुसऱ्या नावानं आली, दहा हजार कमी करून.

हूड निळाच आहे, पाटी पुन्हा रंगवलेली असेल. डाव्या आरशाच्या दांडीला काळी टेप आहे. कॅरियरला सहा नट आहेत, त्यातला मागचा उजवा सायकलचा, फोंडा घाटात एक पडला म्हणून दाजींनी बसवलेला. कुणी अशी रिक्षा दाखवली तर सेल्फ मारायला सांगा, आणि तो हँडल कुठं वळवतो ते बघा.